नेच्यावरचा कापूस

टपकन एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

मी वर बघितलं. वर मंगलोरी कौलं. मार्च महिना. बाहेर असं ऊन की माडाची सावलीसुद्धा माडाच्या बुंध्याला चिकटून उभी होती. घरात पाण्याचा टिपूस सांडलेला नाही आणि माझ्या मनगटावर थेंब. मी तो चाटला. शेतकी खात्यात ही वाईट सवय लागते. चव गोड होती.

"रडता तो," आबा तांडेल म्हणाले. "रोज ह्याच टायमाक. दुपार भरली काय सुरू."

तो म्हणजे नेचा. विहिरीच्या कठड्याला, ओल्या भिंतीला झालरीसारखी पानं फुटतात, ती झाडं. लोक ती उपटून टाकतात. आबांच्या घरात त्या पानांना माणसाचा मान होता. माजघराच्या उत्तरेच्या खिडकीशी, देव्हाऱ्याला लागून, बुडाला भोक पाडलेल्या पाच चिनी बरण्या मांडलेल्या. प्रत्येकीत एक नेचा. पानं एवढी दाट की भर दुपारी त्या खोलीत पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटे. हिरवा उजेड, थंडगार जमीन, आणि मधूनच टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

मी त्या वेळी मालवण तालुक्यात शेतकी खात्याचा असिस्टंट होतो. पन्नास साल उलटून गेलं होतं, गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. माझी कीर्ती म्हणाल तर देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत. नारळाच्या शेंड्यात शिरून कोंब पोखरणारा काळा भुंगा असतो, त्याला गेंड्या भुंगा म्हणतात. मी माडाखाली उभा राहून नुसतं खाकरलो, तरी तो वरून उडी टाकून जीव द्यायचा. आंब्यावरचे तुडतुडे माझी सायकल ओळखत. हे मी सांगतो म्हणून नव्हे, शिपाईसुद्धा सांगायचा. तो आता नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

पण घरात ठेवलेल्या नेच्याची केस माझ्याकडे कधी आली नव्हती. ती आणली सुमतीनं, आबांच्या धाकट्या सुनेनं.

आदल्या दिवशी ती आचऱ्याहून एसटीनं एकटी ऑफिसात आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. टेबलासमोर उभी राहून पाठ केल्यासारखं म्हणाली, "मला झाडांच्या डॉक्टरांना भेटायचं आहे."

"मीच तो. बसा. आंबा की माड?"

"नेचा." आणि इथे तिची ऑफिसातली भाषा संपली. "माज्या घोवाचो नेचो आजारी आसा. तेका बरो करा. अमावास्येच्या आत."

"अमावास्येच्या आत कित्या?"

"अमावास्येक मामंजी देवळात कौल लावतले. कौल डावो इलो काय माजा कुकू पुसून माका आरोंद्याक धाडतले."

आरोंदा तिचं माहेर. अमावास्येला अकरा दिवस होते.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा नवरा सदानंद बोटीवर खलाशी. सात महिने त्याचा कागद नाही. कंपनीकडे विचारलं तर एका बंदरात उतरवला एवढंच उत्तर. आणि त्या घराची रीत अशी की घरचा माणूस दर्यावर निघाला की निघायच्या दिवशी विहिरीवरून एक नेचा आणून बरणीत लावायचा. माणूस घरी येईपर्यंत नेचा घरातच राहायचा. बायकोनं किंवा आईनं रोज पाणी घालायचं. माणूस आला की त्यानं स्वतः नेचा उचलून परत विहिरीवर नेऊन लावायचा. आबांच्या थोरल्या भावाचा नेचा एका पावसाळ्यात बघता बघता सुकला. पंधरा दिवसांनी गलबत बुडाल्याची खबर आली. तेव्हापासून त्या घरात तारेपेक्षा नेच्यावर भरवसा.

"दर्यावर हरवलेल्याची बारा वर्सां वाट बघतत," सुमती म्हणाली. "पण आमच्या घरात नेच्यान सांगल्यान तर बारा वर्सां थांबनत नाय."

तिचा आवाज हलला नाही. माझ्या पाठीवर मात्र काटा आला, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

असा मी आचऱ्याला त्या माजघरात पोचलो.

गोड थेंब चाखल्याबरोबर माझ्या डोक्यात दिवा लागला. यात भुताचं काही नाही. कीड झाडाचा रस पिते, पिऊन जास्त झालेला गोड रस मागून टाकते. आंब्यावर तुडतुडे पडले की पानं चिकट होतात, आमचे बागायतदार त्याला खार पडली म्हणतात. मग त्या गोडावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. या नेच्याची खालची पानंही काळी पडली होती. दुपारी ऊन तापलं की रस पातळ होतो आणि गळतो. म्हणजे कीड आहे. फक्त ती कुठे बसली आहे ते शोधायचं.

आता त्या खोलीचं खरं सांगतो. दिवसाउजेडी मी इतक्या घरांत शिरलो, पण इतकं कुणी बघत असल्यासारखं कुठे वाटलं नाही. भिंतीवर आबांच्या बुडालेल्या भावाचा फोटो. मुंग्यांची एक बारीक ओळ बरण्यांतून निघून भिंतीवर चढत होती आणि थेट फोटोच्या चौकटीत शिरत होती. मी फोटोकडे बघितलं. फोटोतल्या माणसाचे डोळे हलले. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पुन्हा हलले. मी पाठ फिरवली आणि कामाला लागलो. सरकारी नोकरानं प्रत्येक गोष्टीची नोंद घेतलीच पाहिजे असं नाही.

पाचही नेच्यांच्या मधोमध, जिथून पानं फुटतात तिथे, पांढराशुभ्र कापूस होता. आपण पूजेला कापसाचं वस्त्र वाहतो तसा. रडणाऱ्या नेच्यावर जास्त, बाकीच्यांवर थोडा थोडा.

"ह्या काय?" मी विचारलं.

"वस्त्र," आबा म्हणाले. "बायलमाणसां घालतत. हात लावू नको."

मी हात लावला नाही. देवाधर्माच्या गोष्टीत शेतकी खात्यानं पडू नये, असं माझं मत. शिवाय चप्पल बाहेर काढून आत आलेला माणूस आपोआप थोडा भाविक होतोच.

मी पानं उलटी करून बघायला लागलो. रडणाऱ्याची पानं काळीमिचकूट, काही दिसेना. शेजारच्या बरणीतला नेचा मात्र सगळ्यांत मोठा आणि तेजस्वी. त्याचं पान उलटलं आणि मला गुप्तधन सापडलं. पानाच्या पाठीवर तपकिरी, फुगीर, गोल ठिपके. शेकडो. खवले कीड म्हणून एक किडा असतो, पाठीवर खवला घेऊन एका जागी चिकटतो आणि जन्मभर रस पीत बसतो. डिट्टो तसेच.

"गावलो चोर," मी म्हणालो. "हयसून रस उडता आणि तुमच्या नेच्यावर पडता."

"खरा?" सुमतीनं दारातून विचारलं.

"तर काय. मी खोटा सांगतंय?"

माझ्याकडे माशाच्या तेलाचा साबण होता. आंब्यावर मारायचा रामबाण. वास असा की कीड अर्धी वासानंच मरे, उरलेली लाजेनं. मी चाकूच्या पाठीनं ठिपके खरवडले, साबणाचं दाट पाणी केलं आणि फडक्यानं पान न् पान चोळायला लागलो. खिडकीकडची डावी बाजू संपली तेवढ्यात काकी, म्हणजे आबांची बायको, चहा आणि धोंडस घेऊन आल्या. काकडी-गुळाचं ते गोड धोंडस समोर आल्यावर मी कीड बघत नाही. खाऊन हात धुतले तोवर एसटीची वेळ झाली. उजवी बाजू राहिली.

तो नेचा कोणाचा, हे मी विचारलं नाही. हे लक्षात ठेवा.

चार दिवसांनी सुमती पुन्हा ऑफिसात. या वेळी बसली नाही.

"तुमी साबण लायलास तो नेचो जळलो," ती म्हणाली. "डावी बाजू. उजवी हिरवी गार, डावी करपलेली. मधी रेघ मारल्यासारखी."

"आणि रडणारो?"

"रडताच आसा. आता पलीकडचोय रडाक लागलो. मामंजी म्हणतत, एकान दुसऱ्याक बोलावल्यान." तिनं पदरातून एक करपलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. "अजून सा दिवस आसत. तुमका जमणा नसात तर सांगा. मी दुसऱ्या कोणाक विचारीन."

दुसरा कोणी नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दैवयोगानं त्याच दिवशी आमचे जिल्ह्याचे साहेब कट्टा गावात आंबा बागायतदारांच्या शिबिराला आले होते. साहेब घाटावरचे, बारीक, आणि झाडांचं इतकं शिकलेले की जेवताना भाजीची जात सांगायचे. मी करपलेलं पान वर्तमानपत्रात गुंडाळून कट्टा गाठलं. ते एका दुकानाच्या बाकावर सोडा पीत होते.

"हे काय आणलंस?"

"खवले कीड, साहेब. नेच्यावरची. मारली, पण पान जळलं."

साहेबांनी पान उलटं केलं. करपलेल्या भागावरसुद्धा काही ठिपके शिल्लक होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही कीड?"

"हो, साहेब."

"दोन रांगांत बसलेली? मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर?"

मी पानाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "हो, साहेब."

"कीड म्हणजे काय शाळेतली पोरं आहेत, प्रार्थनेला ओळीनं उभी राहायला? कीड कुठेही बसते, दाटीवाटीनं, वेडीवाकडी. ओळ दिसली की समज, ते झाडाचं स्वतःचं आहे. नेच्याला फूल नाही, फळ नाही. या ठिपक्यांत त्याचं बी असतं, पिठासारखं. तू त्याचा वंश खरवडलास."



"वर तेलाचा साबण. आंब्याचं पान चामड्याचं असतं. नेच्याचं ओल्या रेशमाचं. तेल बसलं की त्याचा श्वास कोंडतो. नेच्याला तेल नाही, रॉकेल नाही, डी.डी.टी. नाही. मग थेंब कुठून पडतात ते शोधलंस?"

"नाही सापडलं."

"मुंग्या आहेत?"

"आहेत. फोटोत जातात."

"जातात कुठे हे मी विचारलं नाही. येतात कुठून? मुंगी गोडाच्या मागे असते. तिच्या मागे उलटा जा, कीड सापडते."

मी डोळे मिटून ती ओळ आठवली. "कापसाखालून येतात, साहेब."

"कसला कापूस?"

"पूजेचा. वस्त्र घालतात."

साहेबांनी सोड्याची बाटली खाली ठेवली. "तू हात लावून बघितलास?"

"देवाचं म्हणून नाही लावला."

"जा," साहेब म्हणाले. "आणि तो कापूस चालतो का, ते बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आचऱ्याला पोचलो. आबा बरण्यांसमोर पाटावर बसले होते. काकी भिंतीला टेकून. सुमती चुलीशी. तिघं एका घरात, पण एकमेकांशी बोलत नव्हती. सासू-सुनेचा अबोला तर सात महिन्यांचा, हे मला नंतर कळलं. मुलाचा कागद येईना तशी काकी सुनेकडे बघेनाशा झाल्या, आणि सुमतीनं तोंड मिटलं.

टप्. पलीकडच्या नेच्यावरून. टप्. पहिल्यावरून.

मी म्हटलं, "आबा, एक विचारतंय. ह्या वस्त्र कोण घालता?"

"सून घालता," आबा म्हणाले.

"मी एकदाच घातलंय," सुमती आतून म्हणाली. "पौषात. फकस्त ह्यांच्या नेच्यार. बाकीची आये घालतत."

काकींनी मान वर केली. "मी?"

"मगे कोण?"

"मी कित्या घालीन? जितो माणूस दर्यावर आसताना वस्त्र घालूची रीत आमच्याकडे नाय. तू घालतंस म्हणान मी बोललंय नाय."

"आणि तुमी घालतास म्हणान मी."

सात महिन्यांत त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे बघत होत्या, आणि दोघींचे चेहरे पांढरे पडले होते. पाच बरण्या. पाचांवर वस्त्र. घातलेलं एकच.

आबा अगदी हळू म्हणाले, "मेलेल्याच्या नाकात कापूस घालतत. हय कोण येवन घालता ता माका ठावक आसा." आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. भावाचे डोळे पुन्हा हलले.

त्या क्षणी मी पळून जाऊ शकलो असतो. एसटी उभी होती. पण सुमती चुलीशी उभी राहून आपल्या बांगड्या मुठीत धरून बसली होती, म्हणजे उभी होती. माझे शब्दसुद्धा तेव्हा असेच घसरत होते. मी भिंग काढलं, बरणीवर वाकलो आणि वस्त्राला बोट लावलं.

कापूस चालला.

एक बोंड सुटं झालं आणि सावकाश, अगदी म्हाताऱ्यासारखं, दोन पानांच्या बेचक्यातून खाली गेलं. त्याच्या मागे दुसरं. मी एक नखानं चिरडलं. नखाखाली लालसर ओल आली.

"आबा, हय या. भिंगातून बघा."

आबा वाकले. मी सांगत गेलो. हा पिठ्या ढेकूण. मऊ अंगाचा किडा, स्वतःच्या अंगातून मेणाचा पांढरा कापूस काढतो आणि त्यात लपतो, अंडी घालतो. सुमतीनं घातलेल्या खऱ्या वस्त्राखाली त्याला आयतं घर मिळालं. तिथून तो वाढला. त्याचा गोड रस मुंग्या खातात आणि त्या बदल्यात त्याला राखतात, उचलून एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

मी फोटो खाली काढला. मागचा पुठ्ठा उघडला. मुंग्यांचं आख्खं बिऱ्हाड. काच आणि कागद यांच्यामध्ये त्या फिरत, डोळ्यांवरून आत-बाहेर करत. काकींनी तोंडाला पदर लावला. आबा मात्र फोटो हातात घेऊन फुंकर मारत राहिले. डोळे पूर्ण खाल्लेले होते. त्याचं मी काय सांगणार?

"उपाय बोल," ते म्हणाले.

पहिला उपाय सांगितला आणि तिथेच अडलो. बरण्या लांब करा. त्या घरात पाचही नेचे मुद्दाम असे ठेवलेले की एकाचं पान दुसऱ्याला लागेल. दर सोमवारी आबा स्वतः बरण्या सरकवून पानं जुळवत. मुंग्यांना त्याहून चांगला पूल पी.डब्ल्यू.डी.नंसुद्धा बांधून दिला नसता.

"लांब करूचे नाय," आबा म्हणाले. "माणसां दर्यावर एकटी. झाडां तरी एकमेकांक लागान रवांदेत. सुटली काय गेली."

"आबा, मुंग्यो त्याच पानांवरसून जातत."

"जावंदे."

"पाचय जातले मगे."

"म्हटलंय ना, नाय."

साहेबांचं सगळं शास्त्र सांगून झालं. आबा ढिम्म. शेवटी मी शास्त्र सोडलं. विचारलं, "आबा, वारो सुटलो आणि बंदरात पाच गलबतां उभी आसली, तर तुमी ती एकमेकांक बांधून ठेवतास?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नांगराला शीड म्हटलं. "येडो काय तू? आपटान फुटतली. लांब लांब नांगरूची. मधी पाणी व्हया."

"मगे?"

आबांनी जुळवलेली दोन पानं बोटानं अलग केली. टप्. मग उठले आणि काकींना म्हणाले, "पराती काढ. पाचय."

परातीत पाणी, पाण्यात पालथा वाडगा, वाडग्यावर बरणी. कुठलंच पान कुठल्याच पानाला लागत नाही. मुंगी पाणी ओलांडत नाही. आबांनी अंतरं अशी मोजून ठेवली की जणू मालवणचं बंदरच माजघरात आलं.

दुसरा उपाय स्पिरिट. बोळा भिजवून एकेका ढेकणाला लावायचा, त्याचं मेण विरघळतं आणि तो मरतो. पण राज्यात दारूबंदी. स्पिरिटच्या परमिटचा अर्ज केला असता तर परमिट यायच्या आत ढेकणांना पतवंडं झाली असती. मी हे बोलून दाखवलं. सुमती जमिनीकडे बघत म्हणाली, "आरोंद्याक माजो भाव आसा. खाडीपलीकडे गोंय." तिसऱ्या दिवशी नारळांच्या टोपलीतून काजूची फेणी आली. अशी की बूच काढल्यावर खिडकीतली माशी सरळ उडेना. ढेकणांवर किती गेली आणि आबांनी चव बघण्यात किती गेली, याचा तपशील माझ्या रिपोर्टात नाही. तिथे मी "स्थानिक वनस्पतिजन्य द्रावण" एवढंच लिहिलं आहे.

काडीला फेणीत भिजवलेला बोळा गुंडाळून सासू आणि सून समोरासमोर बसल्या. एक पान धरी, दुसरी टिपे. पहिल्या दिवशी न बोलता. दुसऱ्या दिवशी काकी म्हणाल्या, "हयसर एक रवलो गो." मग बरंच बोलल्या असाव्यात. काळी पानं कापून जाळली. मुळं रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतली. तिथेही पांढरं होतं, म्हणून माती नवी. मी सांगितलं, अंडी फुटतात, आठ-आठ दिवसांनी आणखी दोनदा हेच करायचं.

"आठ दिवस खंय आसत?" आबा म्हणाले. "परवा अमावास्या."

त्यांनी अट घातली. अमावास्येच्या दुपारी आपण सगळे बरण्यांसमोर बसू. नेचा रडला तर ते उठून देवळात जातील आणि कौल लावतील. नाही रडला तर थांबतील, सदानंद येईपर्यंत.

मी नोकरीत पुष्कळ इन्स्पेक्शनं बघितली, पण तशी नाही. अमावास्येची दुपार. पाच पराती, पाण्यावर हिरवा उजेड हलतोय. आबा पाटावर, डोक्याला टॉवेल, देवळात जायच्या तयारीनं. पुढ्यात नारळ ठेवलेला. सुमती खांबाशी. काकी आबांच्या मागे. मी श्वास मोजत होतो. बाहेर एक कावळा ओरडत होता, तोही थांबला. दुपार भरली.

काही नाही.

आणखी थोडा वेळ गेला. काही नाही. मी सुमतीकडे बघून मान हलवणार इतक्यात, टप्. आबांच्या हातावर थेंब पडला.

आबांनी हाताकडे बघितलं. दुसरा हात नारळाकडे गेला. सुमतीनं डोळे मिटले.

"आबा," मी म्हणालो, "चाखा."

"काय?"

"थेंब चाखा. माज्यावर उपकार करा."

त्यांनी हात तोंडाशी नेला. आयुष्यभर दर्यात काढलेला माणूस, त्याला ती चव ओळखायला क्षण लागला नाही. "खारो," ते म्हणाले.

"मगे तो नेच्याचो न्हय."

आबा वळले. मागे काकी उभ्या होत्या, त्यांच्यावर वाकून, आणि गालांवरून धार लागली होती. सात महिन्यांत त्या एकदाही रडल्या नव्हत्या. आबांनी टॉवेल सोडला, काकींना दिला, आणि नारळ सुमतीच्या हातात ठेवून म्हणाले, "वाटपाक घे, आमटी कर."

वीस-बावीस दिवसांनी सदानंदाचा कागद आला. परदेशच्या बंदरात विषमज्वरानं इस्पितळात पडून होता. कोणाकडून तरी दोन कागद लिहून घेतले होते, ते भलत्याच पत्त्यावर गेले. पावसाळ्याआधी तो स्वतः आला, नेचा उचलला आणि विहिरीवर लावला. त्यानं मला घरी जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं होतं. मी गेलो.

पंगतीला माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. हसरा, उंच. "ह्यो अनंता," आबांनी ओळख करून दिली. "माजो पुतण्यो. बोटीर आगवालो." आगवाला म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारणारा. त्यानं नमस्काराला दोन्ही हात उचलले तेव्हा सदऱ्याच्या सैल बाह्या मागे सरकल्या. डावा हात मनगटापासून वर, खांद्यापर्यंत, मानेच्या मध्यापर्यंत करपलेला. उजवा धडधाकट. मधोमध रेघ मारल्यासारखी.

"वाफेची नळी फुटली," तो म्हणाला. "बचावलंय."

"केदवा?"

"शिमग्याच्या नंतर. चार-पाच दिवसांनी."

शिमग्यानंतर चार-पाच दिवसांनी मी कुठे होतो, काय हातात होतं आणि कशानं थांबलो, ते मी बोटांवर मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. माजघरात चार बरण्या उरल्या होत्या. एकीत डावीकडे करपलेला नेचा, त्याच बाजूनं गोगलगाईसारखा गुंडाळलेला नवा कोंब वर येत होता. मी विचारलं नाही, तरी काकी म्हणाल्या, "तो अनंताचो. हात बरो झालो काय तोच उचलतलो."

भट्टीपाशी काम करणारा माणूस भाजतो, यात नवल काही नाही. मी इतर बाबतींत थोडं वाढवून सांगतो, हे माझी बायकोही कबूल करते. हे वाढवलेलं नाही. आणि त्या दिवशी धोंडस वेळेवर आलं नसतं तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

ज्यांच्या घरी नेचे आहेत त्यांच्यासाठी एवढंच. ठिपके ओळीत असतील तर ते झाडाचे, त्यांना हात लावू नये. कापूस दिसला तर तो हलवून बघावा. कुंड्यांची पानं एकमेकांना लागू देऊ नयेत. नवं औषध आधी एका पानाच्या टोकाला लावून आठवडाभर थांबावं. आणि लावण्याआधी कुंडी कोणाची आहे, ते विचारून घ्यावं.